जुनी सायकल, रोजचा रस्ता : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळच्या टपालात जुन्या सायकलींविषयीची पत्रे बरीच होती. माळ्यावरून खाली आलेली, कुणाकडून विकत घेतलेली किंवा वडिलांच्या काळापासून घरातच असलेली सायकल रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरावी का, हा बहुतेकांचा मूळ प्रश्न आहे. एकसारखी पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रश्न : नारायण पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासासाठी रिकामा करताना माळ्यावर आजोबांची काळी रॅले सायकल सापडली. कित्येक वर्षांत तिला कुणी हात लावलेला नाही. कोथरूडहून शिवाजीनगरला कचेरीत जाण्यासाठी ती वापरावी असे मला वाटते. घरच्यांचे म्हणणे आहे की ती दिवाणखान्यात भिंतीला टांगावी. ती रस्त्यावर आणण्याजोगी आहे की नाही हे कसे ठरवावे? ती विलायती आहे की इथली, हेही समजेल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : माझे मत आपल्या बाजूने आहे, मात्र सांगाडा धड असेल तरच. पहिली तपासणी त्याचीच करा आणि ती दिवसाउजेडी करा. हँडलच्या दांड्यामागे वरची आणि खालची नळी जिथे सांध्यात शिरते, त्या जागेवरून बोट फिरवा. तिथे रंगाला सुरकुती पडलेली दिसली किंवा नळीच्या खालच्या अंगाला फुगवटा लागला, तर ही सायकल कधीतरी समोरून जोरात आदळलेली आहे असे समजावे आणि भिंतीचा पर्याय खुशाल स्वीकारावा. पुढचे चाक धरणारा चिमटा बाजूने पाहिला असता खाली जाताना पुढच्या दिशेला वळलेला असला पाहिजे. तो सरळ किंवा मागे दबलेला दिसला, तरी अर्थ तोच. त्यानंतर सायकल उताणी करून पायडलांच्या मधला, म्हणजे क्रँकचा डबा पाहा, कारण नळ्यांतून झिरपलेले पाणी तिथेच साठते आणि आतून गंज धरते. वरवरच्या तांबड्या गंजाची चिंता नको. टोचणीने टोचल्यावर पत्र्याचे पापुद्रे निघत असतील, तर मात्र चिंता करावी.

सांगाडा उत्तीर्ण झाला की पुढची पायरी म्हणजे आपल्याकडचे सायकलवाले ज्याला ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात, ते पूर्ण करून घेणे. इतकी वर्षे उभ्या असलेल्या सायकलीतील ग्रीस वाळून मेणासारखे घट्ट झालेले असते. वरून तेल सोडून चाक फिरू लागले, म्हणजे काम झाले असे नव्हे. त्या तेलाने आतली धूळ सैल होऊन छर्रे ज्यांच्यामध्ये फिरतात ते कोन (शंकूसारखे भाग) आणि कप (वाट्या) उलट झिजतात. सगळे उघडून रॉकेलने धुवावे, कोनावर खड्डे पडले आहेत का ते पाहावे आणि छर्रे सरसकट नवे घालावेत. एका कपात जुने आणि नवे छर्रे मिसळू नयेत, कारण आकारातील किंचित फरकानेही सगळा भार मोजक्या छऱ्यांवर येतो. टायर, ट्यूब आणि ब्रेकची रबरे वरून कितीही चांगली दिसली, तरी बदलावीत.

क्रँक, म्हणजे पायडलाचा दांडा, एक्सलला पक्का धरणाऱ्या कॉटर पिनांकडे विशेष लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगतो. पायडल मारताना प्रत्येक फेऱ्यात एकदा ‘टक’ असा आवाज येऊन पायाखाली किंचित झोल जाणवत असेल, तर कॉटर झिजला आहे. तो काढून पाहिलात, तर त्याच्या उतरत्या सपाट बाजूवर एक्सलच्या कडेने पाडलेली पायरी स्पष्ट दिसेल. दोन्ही कॉटर जोडीने बदलावेत आणि ते परस्परांच्या उलट दिशांनी बसवावेत, नाहीतर दोन पायडले एका रेषेत येत नाहीत. कॉटर ठोकताना क्रँकच्या खाली लोखंडी नळीचा भक्कम आधार दिलेला असावा. असा आधार न देता हातोडा मारला, तर घाव कपातल्या छऱ्यांवर जातो आणि नव्या कपाला पहिल्याच दिवशी खळगे पडतात. आपला कारागीर आधार शोधतो की तसाच ठोकू लागतो, यावरून त्याच्याकडे बाकीची सायकल सोपवावी की नाही, ते ठरवायला हरकत नाही.

सुट्या भागांची अडचण वाटते तितकी नाही. उभ्या काळ्या सायकलीचे चाक बहुधा २८ गुणिले १ १/२ इंचाचे असते आणि टायरच्या कडेला ४०-६३५ असा आकडा असतो. दूधवाले आणि पेपरवाले वापरतात त्या साध्या सायकलींना आपल्याकडे हेच माप चालत आल्यामुळे हे टायर पेठेतल्या साध्या दुकानातही मिळतात. अपवाद क्रँकच्या कपांचा आहे. नॉटिंगहॅमच्या रॅलेने आपल्या कपांना इंचाला २६ आटे ठेवले होते, तर इतर इंग्लिश सायकलींना आणि आपल्याकडच्या सर्वसाधारण सायकलींना २४ आटे असतात. त्यामुळे जुने कप किंचित झिजलेले असले, तरी टाकून देऊ नयेत. नवे छर्रे घालून ते पुष्कळ वर्षे चालतात. ‘बसवतो जोर लावून’ असे कुणी म्हणाल्यास सायकल उचलून घरी आणावी, कारण डब्याचे आटे एकदा गेले की सांगाडाच निकामी होतो.

आता कुळाविषयी. हँडलखालच्या बिल्ल्यावर बगळ्याचे मस्तक आणि नॉटिंगहॅमचे नाव असेल, तर सायकल विलायती. सेन-रॅले असे असेल, तर ती पश्चिम बंगालमधील आसनसोलच्या कारखान्यातील. तिथे १९५० च्या दशकापासून रॅलेच्या सहकार्याने सायकली बनत होत्या. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चर या कंपनीचा तीन गिअरचा हब (चाकाच्या मध्यावरचा, आरे जोडलेला भाग) असेल, तर तो पुसून पाहा. त्याच्या कवचावर अक्षरांशेजारी दोन अंकी आकडा कोरलेला असतो. ५४ म्हणजे १९५४. हब नंतर बदललेला असू शकतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

रस्त्याविषयी एवढेच सांगतो की, सुमारे २० किलो वजनाची ही सायकल थांबून पुन्हा निघायला जड आणि चालू लागली की सुखाची असते. म्हणून कमी सिग्नलांचा रस्ता तिला मानवतो. नळ स्टॉपनंतर कर्वे रस्ता सोडून प्रभात रस्ता आणि भांडारकर रस्ता यांच्यामधल्या गल्ल्यांतून गुडलक चौकात निघावे आणि फर्ग्युसन रस्त्याने शिवाजीनगर गाठावे. परतताना जंगली महाराज रस्त्याने डेक्कनला यावे. येताना चढ आहे. त्यामुळे परतीच्या वेळेचा हिशेब थोडा सैल ठेवलेला बरा.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची २४ इंची (सांगाड्याचे माप) सायकल आहे. स्वारगेटहून धनकवडीला परत येताना सातारा रस्त्याचा चढ मला झेपत नाही, वय पन्नाशीच्या पुढे आहे. तिला गिअर बसवता येतील का? त्याने जुनेपणा जाईल, असे मित्र म्हणतात.
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : गिअर बसवण्याआधी दाते मोजा. एकेरी वेगाच्या सायकलीचा जडपणा पुढच्या चक्राचे आणि मागच्या फ्रीव्हीलचे दाते यांच्या प्रमाणावर ठरतो. समजा, पुढे ४४ आणि मागे १८ दाते आहेत. मग पायडलच्या एका फेऱ्यात चाक सुमारे २.४४ वेळा फिरते आणि २८ इंची चाकाचा घेर साधारण २.२ मीटर धरल्यास सायकल जवळजवळ ५.४ मीटर पुढे जाते. मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील घातले, तर चाक बरोबर दोनदा फिरते आणि सायकल ४.४ मीटर जाते, म्हणजे तोच चढ सुमारे एक पंचमांश कमी जोरात चढता येतो. मिनिटाला ६० फेऱ्यांच्या निवांत गतीने सपाटीवर आधी ताशी १९ किलोमीटरच्या आसपास मिळत होते, ते आता १६ च्या आसपास मिळतील. शहरातल्या गर्दीत हा फरक कचेरीच्या घड्याळाला जाणवतही नाही. गुडघ्याला मात्र पहिल्या दिवशीच जाणवतो. या बदलात चेनची एखादी जोडकडी वाढवावी लागेल किंवा मागचे चाक खाचेत थोडे पुढे सरकवावे लागेल. जुने फ्रीव्हील तेल लावून कागदात गुंडाळून ठेवा. मित्रांना त्यावरही आक्षेप असेल, तर त्यांना चढावर एकदा ती सायकल चालवायला द्यावी.

याउपर खरे गिअर हवेच असतील, तर सांगाड्यावर काहीही न कापता बसणारा प्रकार म्हणजे हबच्या पोटातले तीन गिअर. स्टर्मी-आर्चरचा ‘एडब्ल्यू’ हा हब १९३६ सालापासूनचा आहे, त्यामुळे तो जुन्या सायकलीला शोभतोही. त्याचा मधला वेग थेट, खालचा त्याच्या तीन चतुर्थांश आणि वरचा त्याहून एक तृतीयांश जास्त असतो. फ्रीव्हील बदलून जो फायदा होतो त्याहून थोडा अधिक फायदा खालच्या गिअरमध्ये मिळतो आणि सपाटीवरचा वेगही शाबूत राहतो. जुना हब विकत घेताना त्याचे आरे मोजा. इंग्लिश पद्धतीच्या उभ्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात, त्यामुळे ३६ भोकांचा हब आपल्या रिमला लागणार नाही. हबच्या कवचावरील छोट्या टोपीतून पातळ तेलाचे काही थेंब नियमाने सोडावेत.

एक धोका सांगणे आवश्यक आहे. या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक रिकामी जागा असते. तार सैल पडली की गिअर त्या जागेत अडकतो आणि पायडल एकाएकी पोकळीत गेल्यासारखे खाली जाते. आपण त्या क्षणी सीटवरून उठून जोर लावत असाल, तर दांडीवर आदळाल. म्हणून दुसऱ्या गिअरवर असताना, हबमधून बाहेर येणाऱ्या साखळीच्या सळईचा खांदा एक्सलच्या टोकाशी सपाट येतो का, हे अधूनमधून मागच्या नटाच्या खिडकीतून पाहावे. तार घट्ट-सैल करायला पान्हासुद्धा लागत नाही.

प्रश्न : लोखंडी सळयांचे ब्रेक असलेली माझी सायकल उन्हाळ्यात उत्तम थांबते. पाऊस लागला की अलका टॉकीजच्या चौकात सिग्नलला थांबताना जीव मुठीत धरावा लागतो. नवे रबर लावूनही फरक पडला नाही. सायकलवाला म्हणतो, ‘पावसाळ्यात ही सायकल काढूच नका.’ हे बरोबर आहे का?
— एक वाचक, नवी पेठ

उत्तर : आपल्या सायकलवाल्याचा सल्ला अतिसावध आहे, पण निराधार नाही. ओल्या पोलादी रिमवर रबराची पकड खूपच घटते आणि हा दोष रिमच्या धातूचा असल्याने तो कितीही चांगल्या रबराने संपूर्ण जात नाही. तरीही नीट लावलेला सळयांचा ब्रेक आणि वाईट लावलेला ब्रेक यांच्यात फार मोठे अंतर असते, आणि बहुतेक सायकलींचे ब्रेक वाईटच लावलेले आढळतात.

या ब्रेकची रबरे रिमच्या कडेला न लागता आतल्या, म्हणजे हबकडच्या अंगाला वर ओढली जाऊन टेकतात. सायकल स्टँडवर लावा, ब्रेक हळूहळू दाबत डोळा रिमजवळ न्या आणि दोन्ही रबरे एकाच वेळी, पूर्ण लांबीने टेकतात का ते पाहा. एक आधी टेकत असेल, तर दोन्ही रबरे धरणारी नाल वाकडी बसली आहे. रबर नुसत्या टोकाने टेकत असेल, तर त्याची पकड निम्म्याहून कमी आहे. मग सांध्यांतले ढिले स्क्रू पाहा. सळयांच्या या ब्रेकमध्ये मुठीपासून रिमपर्यंत बरेच सांधे असतात आणि प्रत्येकात थोडी थोडी ढिलाई मिळाली, की मूठ हँडलला टेकते तरी रबर रिमला धड दाबले जात नाही. प्रत्येक सांध्याला तेलाचा एकेक थेंब पुरे. रिमवर तेल उडाले, तर ते कापडाने कसोशीने पुसावे. चाकाला आऊट, म्हणजे वाकडेपणा असेल, तर तो काढून घ्यावा. कडेने पकडणाऱ्या ब्रेकला चाकाचे डावी-उजवीकडे डोलणे त्रास देते. या ब्रेकला ते फारसे बाधत नाही, मात्र चाकाचे वर-खाली उडणे हा ब्रेक लगेच दाखवतो.

एवढे करून चालवण्याची रीत बदलावी. पावसात थांबायच्या जागेच्या पुष्कळ आधीपासून ब्रेक अलगद लावून ठेवावा. चाकाच्या पहिल्या काही फेऱ्यांत रबर फक्त रिमवरचे पाणी पुसते, पकड त्यानंतर येते. त्या फेऱ्या आपण सिग्नलच्या रेषेपाशी न घालवता आधीच उरकायच्या असतात. पुढचा आणि मागचा ब्रेक जोडीने वापरावा. पुढच्या ब्रेकला भिऊन नुसता मागचा दाबण्याची सवय अनेकांना असते, पण थांबवण्याचे मोठे काम पुढचाच करतो. वळणावर मात्र दोन्ही सोडावेत. पांढरे पट्टे, ड्रेनेजची झाकणे आणि गुळगुळीत पेव्हिंग ब्लॉक यांच्यावर ओल्यात ब्रेक दाबूच नये.

पाणी साचलेल्या रस्त्यातून जाताना चाकाचा मध्य बुडेल इतक्या खोलीत सायकल घालू नका, कारण जुन्या हबला आधुनिक रबरी बंदिस्ती नसते आणि गढूळ पाणी थेट ग्रीसमध्ये जाते. खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला, की नदीपात्रातल्या रस्त्याचा मोह सोडून द्यावा. पाणी ओसरल्यावर तिथे राहणारा गाळ टायरला पाण्याहूनही घसरडा ठरतो. चामड्याची सीट असेल, तर तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवावी. भिजलेल्या चामड्यावर बसले, की ते ओढले जाऊन कायमचे खोलगट होते. भिजलीच, तर सावलीत वाळवावी. उन्हात ठेवू नये.

मुसळधार पाऊस आणि काळोख एकत्र आले, तर मात्र मी आपल्या सायकलवाल्याच्या पक्षात जातो. डायनॅमोचे चाक ओल्या टायरवर घसरते, सायकल थांबली की दिवाही विझतो आणि चौकात आपण मागून येणाऱ्याला दिसतच नाही. बॅटरीवर चालणारा लाल दिवा कॅरिअरखाली लावावा. जुन्या रूपाला तो शोभत नाही हे खरे, पण दिवसा काढून खिशात ठेवता येतो.

प्रश्न : जुनी हंबर सायकल घेतली आहे. रंग उडाला आहे, क्रोमला गंज आहे. पावडर कोटिंग करून घ्यावे का?
— एक वाचक, औंध

उत्तर : करू नये. सोनेरी रेघा आणि नावाची पट्टी एकदा घासली गेली, की परत येत नाही, आणि नव्या चकचकीत सायकलीकडे चोराचेही लक्ष आधी जाते. क्रोमवरचा गंज स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियमच्या कागदाचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासला, तर पुष्कळसा निघतो. रंगावर रॉकेलचा मारा न करता तेलाचा पुसट हात फिरवावा. मागच्या मडगार्डवर पांढरा पट्टा असेल, तर तो डाग समजून काळा करू नका. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्लॅकआउटच्या काळात सायकलस्वार मागून दिसावा म्हणून ब्रिटनमध्ये तो सक्तीचा झाला आणि पुढेही टिकला. मूळ रूप कसे असते ते पाहायचे असेल, तर कर्वेनगरमधील विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयाला एकदा भेट द्यावी. सुटे भाग शोधायचे असतील, तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारावी आणि भाव करताना सायकलीचे नाव उच्चारू नये.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. माझी तरुणपणची लेडीज सायकल पुन्हा सुरू करून मंडई, बँक, गिरणी अशी कामे तिच्यावरून करावीत असा विचार आहे. साडी आणि पंजाबी ड्रेस दोन्ही वापरते. सामान कसे न्यावे आणि सायकल कुठे लावावी, याविषयी मार्गदर्शन करावे. टायर आणताना काय सांगावे?
— एक वाचक भगिनी, सहकारनगर

उत्तर : टायरपासून सुरुवात करतो, कारण तिथे हमखास गोंधळ होतो. लेडीज सायकलीला पुष्कळदा २६ गुणिले १ ३/८ इंचाचे चाक असते आणि त्याचा आकडा ३७-५९० असा असतो. दुकानात नुसते ‘सव्वीसचे टायर’ मागितले, तर डोंगरी सायकलीचे जाड टायर हाती पडेल. त्याचे माप ५५९ असून ते आपल्या रिमवर बसणार नाही. जुन्या टायरवरचा आकडा कागदावर लिहून न्यावा. ट्यूब जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हची असेल, तर आतली रबरी वॉलट्यूब काही महिन्यांनी चिकट होऊन हवा सोडते. तिचा बोटभर तुकडा पर्समध्ये असला, म्हणजे पंक्चर नसताना पंक्चरचे पैसे द्यावे लागत नाहीत.

साडीसाठी मागच्या चाकाची जाळी आणि पूर्ण चेनकव्हर या दोन गोष्टींवर तडजोड करू नका. ओढणी मात्र जाळीच्याही वरून चाकात जाऊ शकते, म्हणून ती कमरेशी गाठ मारूनच निघावे. सीटची उंची अशी ठेवावी की, पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. सीट त्याहून खाली घेतल्याने जमिनीला पाय टेकतो आणि धीर येतो खरा, पण चढावर गुडघे दुखतात. सुरुवातीचे काही दिवस खाली ठेवून मग वाढवली तरी चालेल.

मंडईतल्या पिशव्या हँडलला अडकवू नयेत. वळताना त्या झुलतात, हँडल ओढतात आणि एखादी पिशवी पुढच्या चाकाच्या आऱ्यांत गेली, की सायकल जागच्या जागी थांबते, आपण थांबत नाही. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणारी कापडी जोडपिशवी शिवून घ्यावी, जड बटाटे-कांदे दोन्हींत सारखे वाटून तळाशी ठेवावेत, पालेभाजी वर आणि अंडी पुढच्या बास्केटमध्ये. पिशव्यांचा तळ टाचेला लागत नाही ना, हे बसल्यावर पायडल एकदा मागे फिरवून पाहावे.

तुळशीबागेच्या आसपासच्या गर्दीत सायकल चालवत नेण्यात अर्थ नाही. थोडे अलीकडे लावून पायी जावे. मागच्या चाकाचे गोल कुलूप नुसते लावले, तर सायकल उचलून नेता येते आणि या कुलपांच्या किल्ल्या एकमेकांना लागतात, असा अनुभव पुष्कळांना आहे. म्हणून साखळी सांगाड्यातून, मागच्या चाकातून आणि रस्त्याच्या कठड्यातून अशी तिन्हींतून ओवावी. पंप आणि दिवा काढून जवळ ठेवावा. बँकेच्या रखवालदाराशी ओळख असेल, तर ती या कामी साखळीइतकीच उपयोगी पडते.

दळणाचा डबा कॅरिअरवर उभा न ठेवता, शक्य असेल तेव्हा कापडी पिशवीतच दळण न्यावे. ती कॅरिअरवर पसरते, भार खाली राहतो आणि वळताना मागून ओढ लागत नाही. डबाच न्यायचा असेल, तर जुनी ट्यूब उभी चिरून तिचा पट्टा करावा, तो सीटखालच्या नळीला एक वेढा देऊन डब्यावरून फुलीसारखा आणावा आणि गाठ कॅरिअरच्या मागच्या टोकाला मारावी. गिरणीतून निघताना पीठ गरम असते, तेव्हा झाकण घट्ट लावू नये. झाकणाखाली फडके घालून त्यावर ट्यूबचा ताण घ्यावा.